आवाज सेक्रेटरींचा, माफी चिमटीची

आमच्या इमारतीत कुणाचा फोन बिघडला की लोक दुकानात जात नाहीत, तिसऱ्या मजल्यावर जातात. तिथे चिमटी राहते. वय सोळा, शाळेच्या शेवटच्या वर्गात. चिमटी हे अर्थातच तिचं खरं नाव नाही. तिच्या कंपासपेटीत बारीक स्क्रू उचलायचा एक चिमटा असतो, म्हणून वर्गातल्या मुलींनी ते नाव पाडलं आणि ते इतकं चिकटलं की आता तिची आईसुद्धा जिन्यातून त्याच नावाने हाक मारते.

तिच्याबद्दल लिहायला बसले आहे ती रागाने. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हातारीचा तोल गेला. तोल गेलेलाच आहे. मी पहिल्या मजल्यावर राहते. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली, म्हणून इमारतीत मला ऑपरेटरबाई म्हणतात. चिमटी आजी म्हणते. तिची आई नर्स, कधी सकाळपाळी तर कधी रातपाळी, आणि वडील छापखान्यात मशीनवर. त्यामुळे लहानपणी शाळा सुटली की पोर माझ्याकडेच असायची.

पहिली-दुसरीत असेल. मला निवृत्त होताना ऑफिसने एक जुना काळा टेलिफोन भेट दिला होता, गोल तबकडीचा. दुपारची डुलकी काढून उठते तो काय, त्या फोनचे सगळे अवयव चटईवर मांडलेले! मी ओरडायला तोंड उघडलं, तर मलाच दटावते, "आजी, हात लावू नकोस, क्रम मोडेल." परत जोडलाही तिने. फक्त एक स्क्रू उरला. त्या एका स्क्रूपायी पोरीने संध्याकाळभर रडून डोळे सुजवले. मी म्हटलं, अगं, फोन शोभेचा आहे, वाजायचा थोडाच आहे? तर म्हणाली, "पण तो कुठेतरी बसत असेल ना? त्याची जागा असेल ना?" लहानपणापासून ती अशीच आहे.

मग ती तेरा-चौदा वर्षांची झाली आणि काय झालं देव जाणे, इमारतीने तिच्याकडे बघायचा चष्माच बदलला. कालपर्यंत "किती चौकस!" होती ती आज आगाऊ झाली. हसली की खिदळते. गप्प बसली की शिष्ट. रविवारी उशिरा उठली तर आळशी, आणि लवकर उठून गच्चीवर गेली तर एवढ्या सकाळी कुणाला भेटायला जाते? दुसऱ्या मजल्यावर शिकवणीवाल्या बाई राहतात, घरीच वर्ग घेतात. त्या एकदा मला म्हणाल्या, "या वयाच्या मुलांवर विश्वास ठेवायचाच नसतो, ऑपरेटरबाई. नियमच आहे." मी विचारलं, "कुणी केला हा नियम?" म्हणाल्या, "अनुभवाने." ज्या बाईंना स्वतःच्या फोनचा आवाज कमी करायलासुद्धा चिमटी लागते, त्यांचा अनुभव!

काम अडलं की मात्र सगळे तिच्याच दारात. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या फोनमधले फोटो गायब झाले होते. चिमटी त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून ते शोधत होती आणि डॉक्टर तिच्या डोक्याशी उभे राहून सांगत होते की मोबाईलने डोळे जातात, मान जाते, बुद्धी जाते, तुमची पिढी वाया गेली आहे. पोरीने डोकं खुपसलं होतं ते त्यांच्याच मोबाईलमध्ये! तिने फोटो शोधून दिले, "झालं काका" म्हणाली आणि निघून आली. मला सांगताना हसत होती. मला नाही हसू आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिला वाया गेलेली न म्हणणारी एकच जागा होती. बसथांब्याच्या मागे फोनदुरुस्तीचं दुकान आहे, एक चाळिशीची बाई चालवते. चिमटी तिला ताई म्हणते. शाळा सुटली की ती तिथे जाऊन बसायची. आधी नुसतं बघायची, मग ताईने फुटलेल्या काचा बदलायला दिल्या, मग सोल्डरिंग शिकवलं. ताई तिच्यावर खेकसायचीही, "हात का कापतोय, जेवून आली नाहीस का?" पण ते खेकसणं कामावरून असायचं, वयावरून नाही. शाळा संपली की याच कामाचं रीतसर शिक्षण घ्यायचं असं पोरीने ठरवून टाकलं होतं. तिचे वडील "बघू" म्हणाले होते. ते सगळ्यालाच बघू म्हणतात.

आता त्या रविवारचं सांगते. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर राहतात. निवृत्त साहेब. मुलगा दूरच्या शहरात, घरी नवरा-बायको दोघंच. इमारतीच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर ते रोज एक तरी सूचना टाकतात. टाईप करायला जमत नाही, म्हणून बोलून पाठवतात. पण बटण दाबून धरून बोलावं लागतं आणि त्यांचा अंगठा थरथरतो. अंगठा सुटला की तेवढंच वाक्य जातं. एकदा नुसतं "सगळ्यांनी ताबडतोब खाली" एवढंच आलं. आम्ही आग लागली समजून घरातल्या कपड्यांवर खाली धावलो. पुढचं राहिलेलं वाक्य होतं, "लावलेल्या सायकली हलवाव्यात."

तेव्हा त्यांनीच चिमटीला बोलावून म्हटलं, "पोरी, याच्यावर काहीतरी उपाय कर." तिने शिकवलं: बटण दाबून अंगठा वर सरकवायचा, म्हणजे फोन आपला आपण ऐकत राहतो, बोलून झालं की बाणावर टिचकी मारायची, की निरोप गेला. चार दिवस रोज वर जाऊन तिने ते त्यांच्याकडून घोकून घेतलं.

रविवारी सकाळी ग्रुपवर निरोप आला, "उद्या टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा." आणि निरोप काही संपेचना. सेक्रेटरींनी अंगठा सरकवला होता, सूचना सांगितली होती, आणि बाणाचं विसरून फोन टेबलावर ठेवून बायकोशी गप्पा मारत बसले होते. मग केव्हातरी फोन हातात घेतला, बाण दिसला, मारली टिचकी. सगळ्या इमारतीला घरबसल्या त्यांच्या गप्पा!

गप्पा आमच्याबद्दलच होत्या. दातांचे डॉक्टर: "दुखतो एक, उपटतो दुसरा." शिकवणीवाल्या बाई: "हिचा आवाज ऐकून पोरं पाढे विसरतात." मी: "एक्सचेंज बंद पडलं, पण ही म्हातारी अजून चालू आहे." मला यात खोटं काही दिसलं नाही, मी हसले. चिमटीचे वडील: "तो छापखानेवाला! त्याला म्हटलं गच्चीवरून उडी मार, तर विचारेल, कुठल्या बाजूने मारू?"

प्रत्येकाने आपलं नाव येईपर्यंत ऐकलं, आणि तिथेच निरोप अर्धा टाकून दात-ओठ खात बसले. मी शेवटपर्यंत ऐकलं. बोलणं चालू असताना मध्येच लाईन सोडायची नाही, ही नोकरीतली सवय. अगदी शेवटी बशीत कप ठेवल्याचा आवाज आला आणि सेक्रेटरी बायकोला म्हणाले, "खरं सांगू? या इमारतीत धड माणूस एकच, ती चिमटी. एकच गोष्ट चार वेळा विचारतो, पण पोरगी तोंड वाकडं करत नाही. आपला मुलगा दुसऱ्यांदा विचारलं की फोन ठेवतो." आणि तिथे निरोप संपला.

आपण काय करून बसलो हे सेक्रेटरींच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कुणाला हाक मारली? चिमटीलाच. ती अर्ध्या विंचरलेल्या केसांनी वर पळाली आणि तिने तो निरोप सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकला. खाली येताना माझ्या दारात थांबली. म्हणाली, "आजी, काका फार घाबरले होते गं. म्हणाले, पोरी, वाचवलंस मला."

संध्याकाळी डॉक्टर आणि शिकवणीवाल्या बाई जाब विचारायला चौथ्या मजल्यावर गेले. मला वाटलं होतं, म्हातारा एकदा हात जोडेल, चुकलं म्हणेल, चार दिवस लोक तोंड फिरवतील आणि मग होईल पूर्ववत. पण सेक्रेटरी म्हणाले, "मी असलं काही बोललोच नाही. फोन त्या पोरीच्या हातात असतो. काय काय करून ठेवते, मला काय कळतंय? आजकाल मशीनवर कुणाचाही हुबेहूब आवाज बनवतात, पेपरात नाही का आलं? आणि मी म्हणतो, तिने काही केलंच नसेल, तर तो निरोप घाईघाईने पुसला कशाला?"

आणि लोकांनी ते मानलं! शिकल्यासवरल्या माणसांनी मानलं. मी दोन दिवस याचाच विचार करत होते, की मानलं कसं? मग माझ्या डोक्यात उजेड पडला. निरोप खरा धरला तर डॉक्टरांना सेक्रेटरींशी उभा दावा मांडावा लागणार. शिकवणीवाल्या बाईंना वर्षानुवर्षांचं जाणं-येणं तोडावं लागणार. जिन्यात रोज तोंडं चुकवायची, ती वेगळीच. त्यापेक्षा हे काम पोरीचं म्हटलं, की सगळे पुन्हा एकमेकांचे गोड. सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर खापर फोडलं तर कुणाचं काय बिघडतं? ती थोडीच कुणाशी दावा मांडणार आहे? आणि ही मुलं असली उचापती करतातच, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक. विचारायचीसुद्धा गरज नाही. सोय, दुसरं काही नाही. मोठ्यांची सोय.

चिमटीचा फोन तिच्या वडिलांनी कपाटात ठेवला, किल्ली खिशात. तिला सांगितलं, बुधवारी मीटिंग आहे, सगळ्यांसमोर माफी मागायची. मागितली नाही तर त्या दुकानाचं नाव काढायचं नाही. आज नाही, उद्या नाही, शाळा संपल्यावरही नाही. बायकोने मध्ये तोंड घातलं तर तिलाही गप्प केलं. एरवी हा माणूस रस्त्यात कुणाचा धक्का लागला तर स्वतःच माफी मागतो. पण घरात पोरीपुढे कसा ताठ उभा!

मंगळवारी ती माझ्याकडे येऊन बसली. चेहरा एवढासा झालेला.

"आजी, ताईला काय सांगू? ती वाट बघत असेल. तिने मला फोनचा एक पूर्ण बोर्ड एकटीने दुरुस्त करायला देते म्हणून सांगितलं होतं."

"तू तो निरोप शेवटपर्यंत ऐकलास ना?" मी विचारलं.

"पुसायच्या आधी ऐकला. शेवटचंही ऐकलं."

"मग सांगत का नाहीस? तुझ्याबद्दल तो माणूस काय बोलला ते सांग की सगळ्यांना!"

ती बोटाचं नख खरवडत राहिली. "ते माझ्याशी नव्हते गं बोलत, काकूंशी बोलत होते. मी कसं सांगू? त्यांनी आपणहून म्हटलं तर वेगळं."

मला गलबलून आलं. मी उभी हयात लोकांच्या लाईनी जोडण्यात घालवली. कानावर पडलेलं आपल्या फायद्याला वापरायचं नाही, हे आम्हाला साहेबांनी दम देऊन शिकवलं होतं, तरी आमच्यातल्या निम्म्या जणी पाळत नव्हत्या. हिला हे कुणी शिकवलं होतं? आणि हिला म्हणे वळण नाही! मी म्हटलं, "तू नको सांगूस. मी सांगते. मी त्यांच्या वयाची आहे, मला लाज नाही."

बुधवारी खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मोठी माणसं बसलेली आणि चिमटी उभी. कुणी उभं राहा म्हटलं नव्हतं, पण तिच्यासाठी खुर्चीच नव्हती ठेवलेली. शिकवणीवाल्या बाईंनी सुरुवात केली, की चूक कबूल करण्यात कमीपणा नसतो, आम्ही तुझ्या भल्यासाठीच सांगतो आहोत. डॉक्टर म्हणाले, पोलिसात जाता आलं असतं, पण आम्ही मोठं मन केलं आहे. सेक्रेटरी खाली बघत होते. त्यांच्या बायकोने चष्मा पुसायला घेतला होता, तो पुसून होतच नव्हता.

मी उठले. म्हटलं, "तुमच्यापैकी कुणी तो निरोप शेवटपर्यंत ऐकलाय? मी ऐकलाय." आणि सगळं शब्दन्‌शब्द सांगितलं. धड माणूस एकच. चार वेळा विचारलं तरी तोंड वाकडं करत नाही. मुलगा फोन ठेवतो, तेही सांगितलं. सेक्रेटरींचे कान लाल झाले. क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. त्याने बायकोकडे पाहिलंसुद्धा. तिने हातातल्या चष्म्यावरून नजर काढली नाही.

मग सेक्रेटरी हसले. "ऐकलंत? अहो, मी असं म्हणेन? या पोरीबद्दल? हाच तर पुरावा आहे!"

"वा!" डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे आम्हाला सगळ्यांना शिव्या, आणि स्वतःची तारीफ! आता तर शंकाच नको."

आणि खुर्च्यांमधून हशा पिकला. मी सांगते, माझ्या आयुष्यात इतका हलकट हशा मी ऐकलेला नाही. त्या माणसाच्या सगळ्या बोलण्यात एवढंच काय ते चांगलं होतं, आणि तेवढ्यानेच सगळं खोटं ठरलं. एखाद्या मोठ्या माणसाने पोरीबद्दल बरं बोलावं, हे कुणाला खरंच वाटेना. एकाला नाही वाटलं. मी ओरडून सांगत होते, पण माझं आता कोण ऐकतंय? शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, "ऑपरेटरबाई, तुम्हाला तिचा लळा आहे, आम्ही समजू शकतो."

चिमटी सेक्रेटरींकडे बघत होती. "काका," ती म्हणाली, "वाचवलंस मला, असं म्हणाला होतात. तेसुद्धा मीच बनवलं का?"

"बघा कशी उलट बोलते!" सेक्रेटरी म्हणाले. पण तिच्याकडे बघून नाही, डॉक्टरांकडे बघून.

तिचे वडील मागच्या रांगेत बसले होते. ते अर्धवट उठले. "माग माफी आणि मोकळी हो," ते म्हणाले. "विषय संपव."

"मी माफी मागणार नाही, बाबा. मी काही केलेलं नाही." आवाज चढवला नाही, पाय आपटले नाहीत, रडली नाही. "ताईकडे नाही गेले तर नाही गेले." एवढं बोलली आणि ती वळून जिन्याकडे गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "वयच तसं आहे." त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मीटिंग पुढच्या विषयाकडे वळली. पुढचा विषय टाकीच्या झाकणाचा होता.

मी तिच्या पाठोपाठ निघाले. माझ्या गुडघ्यांनी जिना चढणं म्हणजे एकेक पायरीची विनवणी. तोवर तिचे वडील मला ओलांडून वर गेले. पहिल्या मजल्याच्या वळणावर, माझ्याच दारासमोर, त्यांनी तिला गाठलं. मला वाटलं, आता हात उगारतात की काय. मी खालूनच कठडा धरून हाक मारणार, तोच त्यांचा आवाज आला. दबका, जिन्यात घुमू नये असा.

"तो खरंच तसं बोलला होता? तुझ्याबद्दल?"

"हो."

"आणि माझ्याबद्दल? ते उडी मारायचं?"

तिने हळूच मान डोलावली. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच मान पुसली.

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस? रविवारीच सांगायचंस ना!"

"तुम्ही विचारलंच नाहीत, बाबा," चिमटी म्हणाली. "घरात आल्या आल्या तुम्ही विचारलंत, का केलंस? केलंस का, असं नाही विचारलंत. आईने नाही, कुणीच नाही."

खाली पार्किंगमध्ये टाकीच्या झाकणावरून डॉक्टर आणि सेक्रेटरी हसत-खिदळत एकमेकांना टाळी देत होते, ते जिन्यात स्पष्ट ऐकू येत होतं. तिचे वडील ते ऐकत होते. मग त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून तिच्या हातात दिली. सॉरी म्हणायला त्यांचं तोंड उघडलं नाही. भल्या माणसा, सगळ्या जगाला म्हणतोस, हिलाच म्हणायला काय झालं होतं? मी कठड्याला धरून मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "उद्या येतो मी तुझ्याबरोबर. त्या दुकानात. ताईंना मीच सांगतो, चार दिवस का आली नाहीस ते." आणि मग जरा चाचरत, "कुठे आहे गं ते दुकान?"

चिमटीने त्यांच्याकडे पाहिलं.

"बसथांब्याच्या मागे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही रोज जिथे बस पकडता, तिथेच."